पटांगण राहू द्या : वाढत्या मुलांचे शरीर आणि मन

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक सभेत अभ्यासिका मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापनदिनाला अभ्यासिकेचा अहवाल वाचला जातो. किती मुले बसली, किती पास झाली, कोणाला किती टक्के पडले. यंदा अहवाल बाजूला ठेवून एका विषयावर बोलू द्या, अशी विनंती आम्ही केली आणि समितीने ती मानली. त्याबद्दल आभार. विषय साधा आहे. तेरा ते अठरा वर्षांची आपली मुलेमुली, त्यांचा खेळ-व्यायाम आणि त्यांचे मन, यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?

हा विषय आजच का काढला, तेही सांगतो. विहाराच्या आवारात जी मोकळी जागा आहे तिच्यावर पत्र्याची शेड टाकून अभ्यासिका वाढवावी आणि उरलेल्या जागेत गाड्या लावाव्यात, अशी सूचना समितीपुढे आली आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. अभ्यासिकेत जागा पुरत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परीक्षेच्या दिवसांत मुले जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचतात. तरीसुद्धा आम्ही, अभ्यासिका चालवणारेच, हात जोडून सांगतो की ते पटांगण झाकू नका. आमचे म्हणणे ऐकून घ्या. मग निर्णय तुमचा.

आपल्या वस्तीत शिक्षणाची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कोणाचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, कोणाचे रेल्वेत खलाशी होते, कोणाची आजी दिवसभर विड्या वळत होती. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुले शिकवली, कारण बाबासाहेबांनी सांगितलेली पहिली गोष्ट शिकण्याची होती. त्यामुळे घरात नववी-दहावीचे पोर आले की सगळे घर त्याच्या अभ्यासाला लागते. हे योग्यच आहे. पण त्याबरोबर पहिला हुकूम काय निघतो? ‘खेळ बंद! दहावीचं वर्ष हाय, काय खेळत बसते रे?’ खेळ बंद होतो. मोबाईल मात्र बंद होत नाही, कारण क्लासच्या नोट्स आता त्याच्यावरच येतात. म्हणजे मैदान सुटते आणि खोलीतला पडदा तेवढा हातात राहतो.

आता एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. शाळेत सहा तास बसायचे. क्लासमध्ये दोन तास बसायचे. अभ्यासिकेत तीन तास बसायचे. जेवताना बसायचे, रात्री अंथरुणात मोबाईल घेऊन लोळायचे. शाळेतला पीटीचा तास असतो कुठे? विषयाला श्रेणी मिळते, टक्क्यांत तो मोजला जात नाही, म्हणून परीक्षा जवळ आली की तो गणिताला नाहीतर विज्ञानाला दिला जातो. ज्या वयात हाडे लांब होतात, आवाज फुटतो, अंगात नवीन जोर येतो, त्याच वयात आपण मुलाला दिवसातले बारा तास खुर्चीला बांधून ठेवतो.

याचा परिणाम आम्हाला रोज दिसतो. पुस्तक उघडे आहे, पण अर्धा तास झाला तरी पान उलटत नाही. चाचणीच्या दिवशी सकाळीच पोट दुखते, डॉक्टर तपासतात तर पोटात काही नाही. कोणी जरा बोलले की अंगावर धावून जाणे, नाहीतर डोळ्यांत पाणी. रात्री एक वाजेपर्यंत झोप नाही आणि सकाळी उठवता उठत नाही. घरचे म्हणतात, ‘आळशी झाला’, ‘नखरे वाढले’. आम्ही म्हणतो, जरा थांबा. शरीर आणि मन दोन्ही काहीतरी सांगत आहेत.

हे फक्त आपल्या वस्तीतले नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले. साठ मुलांचा वर्ग धरला तर त्यात अशी चार मुले निघतील. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदींच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. राज्यवार पाहिले तर सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. त्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. कारणे एकच एक नसतात, हे खरे. पण मुलांच्या मनाकडे पाहण्याची वेळ आली आहे, एवढे तरी त्यातून कळते.

दुसरीकडे खेळाचे चित्र बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा व्यायाम किंवा खेळ केला पाहिजे. त्याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध केली. २०१६ सालची स्थिती अशी होती की ११ ते १७ वयाच्या शंभर मुलांपैकी ८१ मुले एवढी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५, मुलांमध्ये ७८. भारतातही चारातली जवळजवळ तीन मुले याच गटात होती.

आता कोणी विचारेल, पळण्याचा आणि मनाचा संबंध काय? पाय वेगळे, डोके वेगळे. साध्या भाषेत सांगतो. रस्त्यात कुत्रा अंगावर आला की काय होते? छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडे पडते. शरीर पळायची तयारी करते. रक्तात तशी रसायने सोडली जातात. प्रश्नपत्रिका हातात आली की शरीर हेच सगळे करते. फरक एवढाच की कुत्र्यापासून पळता येते, पेपरपासून पळता येत नाही. अंगात भरलेला तो जोर मग जातो कुठे? पोटात दुखतो, डोक्यात ठणकतो, भावंडांवर निघतो. मैदानावर तासभर धावलेल्या मुलाच्या अंगातून तो जोर वाहून जातो. शिवाय खेळताना मेंदूत अशीही रसायने तयार होतात की ज्यांनी दुखणे कमी वाटते आणि मन हलके होते.

आणखी एक गोष्ट आहे. रोज खो-खो खेळणाऱ्या मुलीला छातीची धडधड ओळखीची असते. ती वाढते, शिगेला जाते आणि बसल्यावर चार-पाच मिनिटांत उतरते, हे तिने हजारदा अनुभवलेले असते. परीक्षेच्या हॉलमध्ये तीच धडधड सुरू झाली की ती घाबरत नाही. ‘उतरेल आत्ता’ हे तिच्या अंगालाच माहीत असते. जी मुलगी कधी धावलीच नाही, तिला तीच धडधड म्हणजे काहीतरी भयंकर घडते आहे असे वाटते. हा धडा कोणत्याही गाईडमध्ये छापलेला नाही.

कबड्डीचे उदाहरण घ्या. समोर सात गडी टपलेले असतात आणि चढाई करणाऱ्याला एकाच दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत परत यायचे असते. घाबरला की दम सुटतो, दम सुटला की गडी बाद. भीतीच्या क्षणी श्वास हातचा जाऊ द्यायचा नाही, हेच तर तो शिकतो. इथे विहारात आनापान करताना डोळे मिटून आपण ज्या श्वासावर लक्ष ठेवतो, त्याच श्वासाची ही उघड्या डोळ्यांची तालीम आहे.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. वयात येताना मुलांच्या शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, त्यामुळे त्यांना रात्री झोप उशिरा येते. तो आळस नाही. पण दिवसाउजेडी अंग दमले असेल आणि रात्री मोबाईल दूर असेल, तर झोप वेळेवर आणि गाढ लागते. झोप झाली की वाचलेले लक्षात राहते. म्हणून आम्ही म्हणतो की खेळाचा एक तास अभ्यासातून वजा होत नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासात जमा होतो.

इंग्लंडमध्ये चार हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी नोंदी घेतल्या आणि अठराव्या वर्षी त्यांच्या मनाची स्थिती तपासली. बाराव्या वर्षी जी मुले रोज एक तास जास्त साधी हालचाल करत होती, म्हणजे चालणे, इकडेतिकडे वावरणे, त्यांच्यात अठराव्या वर्षी उदासीनतेची लक्षणे सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसली. हालचाल केली म्हणूनच उदासी कमी झाली, असे एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. घरची परिस्थिती, स्वभाव अशा इतर गोष्टीही असतात. पण आपल्यासाठी यात मोठा दिलासा आहे. महागडे बूट, क्लबची फी, ट्रॅकसूट यांची गरज नाही. चालण्याचाही उपयोग आहे.

चालण्यावरून आठवले. आपल्यापैकी अनेक जण बोधगयेला जाऊन आलेले आहेत. महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला रत्नचंक्रमण चैत्य आहे, तो तुम्ही पाहिला असेल. ज्ञानप्राप्तीनंतर भगवान बुद्ध तिथे चालत ध्यान करीत होते, असे मानतात. भिक्खूंना त्यांनी चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करण्याची ताकद येते, शरीर निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. शेवटचा फायदा मनाचा आहे आणि त्याची वाट पायांतून जाते, हे ध्यानात घ्या. सहा वर्षे देह झिजवून सत्य हाती लागले नाही, तेव्हा त्यांनी अन्न घेतले, अंगात बळ आणले आणि मग ते बोधिवृक्षाखाली बसले. दुबळ्या शरीरात मन स्थिर होत नाही, हे आपल्या शास्त्यानेच स्वतः अनुभवून सांगितले आहे.

खेळातून आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे आपणही कोणीतरी आहोत ही भावना. या वयात मुलाला सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न हाच असतो की माझी किंमत किती? वर्गात ती टक्क्यांवर ठरते, बाहेर कपड्यांवर ठरते, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत कधी कधी आडनाव विचारूनही ठरवली जाते. पालवणकर बाळू यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. चर्मकार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्यात युरोपियनांच्या क्लबमध्ये खेळपट्टी लाटायचे, जाळी लावायचे काम तुटपुंज्या पगारावर करीत होता. तिथल्या गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा गोलंदाज झाला की पुण्याच्या हिंदू क्लबला त्याला संघात घ्यावेच लागले. घेतले, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! पुढे १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला. खेळाने अस्पृश्यता गेली, असे आम्ही म्हणत नाही. ती तशी जात नसते, त्यासाठी महाडला जावे लागले. पण हातातला चेंडू जात विचारून वळत नाही, हे बाळूंनी दाखवून दिले. जे पोर आपल्या अंगाची ताकद ओळखते, त्याला दुसऱ्याने हिणवले तरी ते सहजासहजी खचत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. खेळाने मन घडते, तसे ते मोडतेही. शाळेत उशीर झाला की शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या. जाड मुलाला ‘जाड्या’, बारक्याला ‘काडी’, सावळ्याला आणखी काही. दोन कॅप्टन गडी निवडतात आणि शेवटी उरलेला एक जण मान खाली घालून उभा असतो, ‘हा नको, तू घे’ असे दोघेही म्हणतात. असे चार वेळा झाले की ते मूल मैदानाकडे फिरकत नाही, आणि आपण म्हणतो की याला खेळाची आवडच नाही. आवड होती, ती मारली गेली. म्हणून खेळ कोणता, यापेक्षा तो कसा खेळवला जातो, ही गोष्ट मोठी आहे. गडी निवडण्याऐवजी रांगेत उभे करून ‘एक-दोन, एक-दोन’ असे आकडे म्हणायला लावा, संघ आपोआप पडतात. नावे ठेवणाऱ्याला खेळाबाहेर बसवा. हरलेल्याला टोमणे मारू नका. ज्याला धावणे जमत नाही त्याला लेझीम द्या, दोरीच्या उड्या मारू द्या, गुण लिहायला बसवा, पण मैदानात असू द्या.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक घरांत आहे. अशी मुले, किंवा दमा आणि हृदयाचा त्रास असलेली मुले, यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारा. त्यांना मधूनमधून पाणी प्यायला आणि दम लागला की थांबायला पूर्ण मोकळीक हवी. थांबणाऱ्याला कोणी भित्रा म्हणायचे नाही. आणि आपला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन उतरल्याशिवाय कोणालाच मैदानात सोडायचे नाही.

मुलींबद्दल स्वतंत्र बोलतो, कारण पटांगण झाकले तर पहिले नुकसान त्यांचे होईल. मुलगा निदान गल्लीच्या तोंडाशी क्रिकेट खेळेल, दूरच्या मैदानावर सायकलने जाईल. मुलगी कुठे जाईल? सहावी-सातवीपर्यंत ती सर्वांबरोबर पळते. पाळी सुरू झाली की घरात कुजबुज सुरू होते. ‘आता मोठी झाली, बरं दिसत नाही.’ संध्याकाळी भाऊ खेळायला आणि बहीण पोळ्या लाटायला. आम्ही आईंना हात जोडून विचारतो, तुमच्या वेळी तुम्हाला कोणी थांबवले तेव्हा तुम्हाला काय वाटले होते? पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढा खेळ खेळायला काही हरकत नसते. दुखत असेल तर तिने बसावे, तिचे तिने ठरवावे. विहाराचे आवार हे वस्तीतले एकच ठिकाण आहे की जिथे आई खिडकीतून पाहू शकते, आजी कट्ट्यावर बसू शकते आणि भंतेजी येता-जाता असतात. इतकी सुरक्षित जागा आपल्याला पुन्हा विकत घेता येणार नाही.

आणि एक इशारा. खेळ हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास असेल, आवडता खेळ आणि मित्र त्याने सोडले असतील, जेवण-झोप बिघडली असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे ते बोलू लागले असेल, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा मरणाची भाषा करीत असेल, तर ‘जा, मैदानाला दोन चकरा मार’ असे सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या, एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारने २०२२ साली टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा नंबर. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्री केव्हाही लागतो, मराठीत बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे. ताप आला की आपण अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे जात नाही, डॉक्टरकडे जातो. बाबासाहेबांनी दिलेली ती दृष्टी मनाच्या तापालाही लावायची आहे.

आता आमच्या मागण्या. थोड्याच आहेत.

पहिली, पटांगणावर शेड नको. अभ्यासिकेची जागा वाढवायची असेल तर वरचा मजला बांधू. त्याच्या वर्गणीसाठी आम्ही स्वतः दारोदार फिरू. तोवर सभागृह संध्याकाळी सातनंतर वाचनासाठी उघडे करावे. कबड्डीचे मोठे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते. आपल्या आवारात तेवढे मैदान आखून कडेला लेझीमला जागा उरते. आम्ही टेप लावून मोजले आहे.

दुसरी, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा आवारात एकही गाडी उभी राहणार नाही. त्या वेळात अभ्यासिकाही बंद राहील. दहावी असो की बारावी, सर्वांना बाहेर यावेच लागेल. खेळायचे नसेल त्याने चालावे.

तिसरी, आठवड्यातले तीन दिवस मैदानावर पहिला हक्क मुलींचा. महिला मंडळाच्या दोन भगिनींनी आळीपाळीने तिथे बसावे. नुसते बसू नये, जमल्यास दोन फेऱ्या त्यांनीही माराव्यात!

चौथी पालकांसाठी आहे. दहावीच्या मुलाचे वेळापत्रक भिंतीवर लावाल, त्यात हा एक तास शाईने लिहा. आणि शाळेच्या पालक सभेत जाल तेव्हा टक्क्यांबरोबर हेही विचारा की पीटीचा तास होतो का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिलेले आहे. विचारणे हा आपला हक्क आहे.

पाचवी, १४४१६ हा नंबर अभ्यासिकेच्या फळ्यावर कायम लिहिलेला राहील. तो कोणी पुसू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांना अंग मेहनतीसाठीच वापरावे लागले. त्यांचे शरीर दुसऱ्याच्या कामाला झिजले, म्हणून आपल्या पोरांनी डोक्याचे काम करावे असे त्यांना वाटले. ते स्वप्न खरे होत आहे. पण ज्या शरीरावर त्यांचा स्वतःचा हक्क नव्हता, ते शरीर आता आपल्या मुलांचे स्वतःचे आहे. त्यांनी ते आनंदासाठी वापरावे, धावावे, पडावे, घामाघूम होऊन हसावे, हाही आपल्या मुक्तीचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. पुस्तक त्यांच्या हातात आपण दिलेच आहे. पायाखालची जमीन काढून घेऊ नका.

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. मुलांना तिथे मत नाही, तुम्हाला आहे. त्यांच्या वतीने या आणि बोला.

नमो बुद्धाय! जयभीम!